‘शनिवार तेल्यां’ची घरोघरची शाळा



बारामती एमआयडीसीतल्या आमच्या वसाहतीत दर रविवारी सकाळी मुलांचा वंदना-वर्ग भरतो. भरतो म्हणण्यापेक्षा भरवावा लागतो, असे म्हणणे जास्त खरे. आम्ही कारखान्यात कारकुनी करणारे, बी.कॉम. झालेले, त्यामुळे हजेरीपट ठेवल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. तो हजेरीपटच एके दिवशी आमच्याकडे डोळे वटारून पाहू लागला. वर्षावासाच्या सुरुवातीला पान भरून नावे होती, दिवाळीपर्यंत निम्म्यांपुढे फुल्या पडल्या. आम्ही मनात म्हणालो, आजकालच्या पोरांना मोबाईल सुटत नाही, त्याला आपण काय करणार!

पण खरे कारण आम्हाला एका सात वर्षांच्या मुलीने सांगितले. तिला पंचशील तोंडपाठ होते. एकदा तिने ‘वेरमणी’ म्हणजे काय असे घरी आईला विचारले. आई म्हणाली, काकांना विचार. तिने आम्हाला विचारले, आम्ही सांगितले : दूर राहणे, अलिप्त राहणे. त्यावर ती पटकन म्हणाली, “मग काका, आईला का नाही येत? आईचा वर्ग नव्हता का?” आई दारातच चपला घालून उभी होती. ती ओशाळून हसली आणि त्यानंतर तीन रविवार मुलगी आली नाही.

चूक आमची होती, हे लिहून टाकलेले बरे. वर्ग सुरू झाला की आईबापांना आम्हीच “तुम्ही बाहेर थांबा, मुलांचे लक्ष जाते” असे म्हणत होतो.

अशा मनःस्थितीत असताना एका सहकाऱ्याच्या आजारपणासाठी पुण्यात ससूनला चार दिवस राहण्याचा योग आला. बारामती-इंदापूरकडच्या कष्टकरी घरांतला कोण ससूनला गेलेला नाही? पण हे ससून कोण, असे विचारले तर आपल्यापैकी किती जण सांगतील? डेव्हिड ससून हे बगदादहून मुंबईला आलेले ज्यू व्यापारी. त्यांच्या देणगीतून हे रुग्णालय उभे राहिले. 1864 साली पुण्यातच त्यांचे निधन झाले. कॅम्पातल्या ज्या लाल विटांच्या, उंच मनोऱ्याच्या प्रार्थनामंदिराला पुणेकर ‘लाल देऊळ’ म्हणतात, त्याच्या आवारात त्यांची कबर आहे. दुपारी नातेवाइकांची भेट संपली की आम्ही पाय मोकळे करायला निघायचो. असेच रास्ता पेठेत फिरताना ज्यूंचे दुसरे प्रार्थनामंदिर दिसले. तिथे शेजारी चहा पिताना एक वयस्क गृहस्थ भेटले. त्यांची मराठी ऐकून आम्हाला ते कोकणातले कुणबी किंवा तेली वाटले. ते हसून म्हणाले, “बरोबर ओळखलंत, तेलीच. पण शनिवार तेली.”

त्या एका वाक्याने आम्ही कामाला लागलो. पुढे जे वाचले, ऐकले, ते कुटुंबाच्या पानावर सांगण्यासारखे आहे.

घाणा शनिवारी बंद

अलिबागजवळ नवगाव नावाचे गाव आहे. फार फार वर्षांपूर्वी तिथे एक गलबत फुटले आणि सात पुरुष, सात बायका जिवंत किनाऱ्याला लागल्या, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरागत कथा आहे. ‘बेने इस्रायल’ म्हणजे इस्रायलची लेकरे. हे लोक कोकणातल्या गावोगाव पसरले, तेलाचे घाणे चालवू लागले आणि गावाच्या नावावरून आडनावे घेऊ लागले : पेणकर, चेऊलकर, दिवेकर, केहिमकर, राजपूरकर, तळकर. भाषा मराठी, नेसणे मराठी, जेवणात नारळ आणि भात. मात्र शनिवारी घाण्याला बैल जुंपायचा नाही. म्हणून गावकऱ्यांनी नाव ठेवले ‘शनिवार तेली’.

आता विचार करा. शतकानुशतके यांच्याजवळ ना धर्मग्रंथ होता, ना शिकवणारा धर्मगुरू, ना प्रार्थनामंदिर. हिब्रू भाषा विसरली गेली होती. ओठावर राहिली होती ती ‘शेमा’ ही एकच छोटी प्रार्थना. जन्म असो, लग्न असो, मरण असो, तीच म्हणायची. बाकी सगळा धर्म होता तो घरात, आणि घरात म्हणजे चुलीपाशी. सुंता आठव्या दिवशी. शनिवारी चूल नाही. नवस फेडताना मलिदा : पोहे, ओले खोबरे, साखर, वर फळे, आणि एलियाहू प्रेषिताची आठवण.

सणांची नावेसुद्धा कशी अस्सल मराठी! एकाला म्हणत दरवाजे झाकण्याचा सण. एकाला खिरीचा सण. एका उपासाला बिरड्याचा उपास, कारण त्या दिवशी वालाचे बिरडे खायचे. वसंतातल्या मोठ्या सणाला नाव होते अनाशी ढाकण्याचा सण, म्हणजे आंबवणाचे भांडे झाकून ठेवण्याचा सण. भांडे का झाकायचे, हे विसरले होते. ज्यू लोक मिसर देशाच्या गुलामीतून घाईघाईने निघाले, पीठ आंबवायलाही वेळ मिळाला नाही, त्या मुक्तीची आठवण म्हणून हा सण, ही गोष्ट कोकणात हरवून गेली होती. भांडे तेवढे झाकले जात होते.

आमच्या मते हे फार बोलके आहे. कृती राहिली, अर्थ गेला. आपल्याही कितीतरी घरांत बायाबापड्या काय काय झाकून ठेवतात, का ते विचारले तर “सासूबाई ठेवायच्या” एवढेच उत्तर मिळते!

पुढची कथा अशी की डेव्हिड रहाबी नावाचा एक ज्यू प्रवासी कोकणात आला. हे लोक खरोखर ज्यू आहेत का, याची त्याला परीक्षा घ्यायची होती. त्याने बायकांना निरनिराळ्या जातींचे मासे एकत्र करून रांधायला दिले. बायकांनी खवले आणि पर नसलेले मासे बाजूला काढले आणि सांगितले, हे आम्ही खात नाही. ज्यू धर्मशास्त्राचा नियम नेमका तोच आहे. रहाबीची खात्री पटली. मग त्याने तीन जणांना निवडून हिब्रू आणि धर्मविधी शिकवले. त्यांना काजी म्हणू लागले आणि त्या घराण्यांनी गावोगाव फिरून लग्ने लावली, तंटे सोडवले.

परीक्षा बायकांनी दिली, उत्तीर्ण बायका झाल्या आणि वर्गात बसवले ते तीन पुरुष! आमच्या घरी हे वाचून दाखवले तेव्हा सौभाग्यवतींनी जो चेहरा केला, तो इथे छापता येत नाही.

मिशनरी आले शिकवायला

अठराव्या शतकात कोकणातली बरीच बेने इस्रायल कुटुंबे मुंबईला आली. कोणी सुतारकामात, गवंडीकामात, कोणी कंपनी सरकारच्या पलटणीत. पलटणीतल्याच सॅम्युएल दिवेकरांनी 1796 साली मुंबईत मांडवी भागात समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. ते टिपू सुलतानाच्या कैदेत होते आणि सुटलो तर मंदिर बांधीन असा नवस बोलले होते, असे सांगतात.

मंदिर झाले, पण आत बसून म्हणायचे काय? शिकवणारे कोचीनच्या ज्यूंमधून आले. आणि दुसरीकडून आले ख्रिस्ती मिशनरी. अमेरिकन मिशनने मराठी शाळा काढल्या. त्यांत बेने इस्रायल मुले आणि मुलीही जाऊ लागल्या. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन यांनी तर 1832 साली हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीतून तयार केले. मिशनऱ्यांचा हेतू उघड होता, या लोकांना ख्रिस्ती करावे. झाले उलटेच. बेने इस्रायलांनी व्याकरण घेतले, मराठीत आलेला जुना करार वाचला आणि त्यांना आपल्याच पूर्वजांची ओळख पटली. धर्मांतर फारच थोड्यांनी केले.

त्यानंतर मात्र या समाजाने वेळ दवडला नाही. 1853 साली हाईम सॅम्युएल केहिमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी शिक्षणप्रसारासाठी संस्था काढली आणि 1875 मध्ये मुंबईत इस्रायली शाळा सुरू केली. इतर विषयांबरोबर तिथे हिब्रू शिकवली जाई. पुढे बगदादी ज्यू उद्योगपती सर एली कदुरी यांनी मोठी देणगी दिल्यावर शाळेला त्यांचे नाव मिळाले. माझगावची ती कदुरी शाळा. तिच्या मुख्याध्यापिका होत्या रेबेका रूबेन. त्या 1905 साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकमध्ये पहिल्या आल्या होत्या. 1922 ते 1950 अशी अठ्ठावीस वर्षे त्यांनी शाळा सांभाळली. ज्या समाजात मुलींना हिब्रू शिकवण्याची रीत नव्हती, तिथे सगळ्या मुलांची शाळा एका बाईच्या हाती आली.

पण आम्हाला शाळेपेक्षा जास्त कौतुक वाटले ते शाळेबाहेरच्या शिक्षणाचे. शाळेत मूल जाते. आईबाप कुठे जाणार? त्यांना हिब्रू कोण शिकवणार?

याचे उत्तर या लोकांनी मराठी मातीतच शोधले. 1880 च्या सुमारास बेने इस्रायल मंडळींनी चक्क कीर्तन सुरू केले! टाळ, पेटी, साक्या, दिंड्या, ओव्या सगळे आपल्याकडचे, आणि आख्यान अब्राहामाचे, योसेफाचे, मोशेचे. रात्री घरच्या कार्यात नाहीतर मंडळाच्या जागेत कीर्तन लागायचे. आजोबा, सून, गड्याच्या खांद्यावर झोपलेले पोर, सगळे एका चटईवर. ज्याला अक्षर येत नाही, त्यालाही योसेफाला भावांनी कसे विकले ते रात्रीत समजायचे. आपल्याकडे भीमराव कर्डकांच्या जलशाने आणि वामनदादांच्या गाण्याने जे केले, तेच काम. आमच्या आईला लिहिता-वाचता येत नव्हते. पण चवदार तळ्यावर काय घडले हे ती आम्हाला पाळण्यात सांगत होती, ते कोणत्या पुस्तकातून?

ताटातला धडा

दुसरे उत्तर म्हणजे छापील पुस्तक, पण घरात वाचायचे. वसंतातल्या त्या सणाच्या रात्री ज्यू कुटुंब जेवायला बसते तेव्हा हगादा नावाचे पुस्तक वाचले जाते. त्यात गुलामीतून सुटकेची कहाणी आहे. ही रात्र म्हणजे जगातला सर्वांत जुना कौटुंबिक वर्ग म्हटला पाहिजे. त्याची रचनाच पाहा. वर्ग सुरू करतो तो घरातला सर्वांत लहान मुलगा किंवा मुलगी. तो विचारतो, आजची रात्र इतर रात्रींपेक्षा निराळी का? आज बिनआंबवणाची भाकर का? कडू पाला का? पाला पाण्यात बुडवायचा कशाला? मुलाने विचारले की मोठ्यांना सांगावेच लागते. त्यामुळे बापाला आधी स्वतः शिकावे लागते. कडू पाला गुलामीचा, खारट पाणी अश्रूंचे, असा एकेक धडा ताटात वाढलेला असतो. हगादात चार प्रकारच्या मुलांचे वर्णन आहे : हुशार, उर्मट, साधा, आणि ज्याला प्रश्नही विचारता येत नाही असा. चौघांनाही उत्तर वेगवेगळे द्यायचे. ज्याला विचारता येत नाही, त्याच्याशी आपणच बोलायला सुरुवात करायची.

आमच्या वर्गात या चौथ्या प्रकारची मुले जास्त. आम्ही त्यांना मागच्या रांगेत बसवत होतो.

हा हगादा मराठी अर्थासह पहिल्यांदा 1846 साली मुंबईत छापला गेला. 1874 साली तो पुण्यात चित्रांसह निघाला, मोझेस जेकब तळकर आणि आरन डॅनियल तळकर यांनी तो सिद्ध केला. एका बाजूला हिब्रू, दुसऱ्या बाजूला मराठी. चित्रांत जमिनीवर बसून भाकरी करणाऱ्या बायका आहेत आणि त्या साड्या नेसलेल्या आहेत. मिसर देशची कहाणी, पण लाटणे आपल्या घरातले. जोसेफ इझीकिएल राजपूरकरांनी एकामागून एक प्रार्थनापुस्तके मराठीत आणली, ती याच हेतूने. आंबवणाचे भांडे का झाकायचे, हे कोकणातल्या आजीला अखेर तिच्या भाषेत कळले. सांगणारा बहुधा तिचा नातू असावा, असा आमचा कयास आहे.

ज्यूंच्या जुन्या ग्रंथांत शाळेची एक हकिकत आहे, ती आमच्यासारख्या हिशेबनिसाला फार आवडली. पूर्वी नियम असा की बापाने मुलाला शिकवावे. मग ज्याला बाप आहे तो शिकला, ज्याला बाप नाही तो अडाणी राहिला. हे पाहून सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी येहोशुआ बेन गमला या मुख्य पुरोहिताने गावोगाव शिक्षक नेमायला लावले आणि सहा-सात वर्षांची मुले तिथे बसवली. आणि आकडाही ठरलेला : एका शिक्षकामागे पंचवीस मुले. चाळीस झाली तर मदतनीस द्या, पन्नास झाली तर दुसरा शिक्षक. आमच्या तालुक्यातल्या कितीतरी शाळांना हा नियम आजही लाजवील. तात्पर्य, घर आणि शाळा दोन्ही लागतात. नुसते घर म्हटले की अनाथ मागे पडतो, नुसती शाळा म्हटली की आई दारात चपला घालून उभी राहते.

सगळेच गोड नाही

सर्व चांगलेच सांगितले तर वाचक म्हणतील, भाऊसाहेब वाहवत गेले. तेव्हा दुसरी बाजूही सांगतो. या चिमुकल्या समाजातही ‘गोरे इस्रायल’ आणि ‘काळे इस्रायल’ असे दोन थर होते, आणि गोरे काळ्यांशी रोटी-बेटी व्यवहार करीत नसत. जातीची कीड इथल्या पाण्यातच आहे, जहाज फुटून आलेल्यालाही ती लागली. बगदादी ज्यू श्रीमंत, ते बेने इस्रायलांना बरोबरीचे मानायला तयार नसत. बायका प्रार्थनेला वेगळ्या बसत. त्यावर मुंबईत 1925 साली डॉ. जेरुशा झिराड आणि त्यांच्या भगिनी लिआ झिराड यांनी पुढाकार घेऊन सुधारकांची धर्मसंस्था काढली. तिथे स्त्री-पुरुष शेजारी बसून प्रार्थना करू लागले. डॉ. झिराड या नामवंत प्रसूतितज्ज्ञ, 1966 च्या पद्मश्री.

आणि सर्वांत जिव्हारी लागलेला घाव परक्यांचा नव्हे, स्वकीयांचा. 1948 नंतर हजारो बेने इस्रायल इस्रायलला गेले. 1960 नंतर तिथल्या धर्मपीठाने शंका काढली की यांना इतकी शतके विवाह आणि घटस्फोटाचे शास्त्र ठाऊक नव्हते, तेव्हा यांच्याशी विवाह करण्यापूर्वी त्यांचे कूळ तपासा. विचार करा, एका प्रार्थनेवर जगलेल्या माणसांना त्यांची गेलेली पुस्तके दाखवून नापास केले. ही मराठी माणसे स्वस्थ बसली नाहीत. बायकापोरांसह जेरुसलेममध्ये धरणे धरले. 1964 साली संसदेने आणि पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांनी त्यांची बाजू घेतली आणि बेने इस्रायल सर्व बाबतींत ज्यूच आहेत, असे जाहीर झाले. माणसाने आपण कोण हे सिद्ध करण्यासाठी दुसऱ्याच्या ओसरीवर बसावे लागणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही.

आता महाराष्ट्रात हा समाज उरला आहे थोडका. स्वातंत्र्याच्या वेळी वीस हजारांच्या आसपास असलेले आज काही हजारांवर आले, तेही बहुतेक मुंबई-ठाण्याकडे. 2016 साली राज्य सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. माझगावच्या कदुरी शाळेत आता बहुसंख्य मुले इतर समाजांची, मुख्यतः मुस्लिम आहेत. ज्यूंनी काढलेल्या शाळेत मोहल्ल्यातली मुले शिकतात, यात आम्हाला तरी वावगे काही दिसत नाही. तिकडे दिमोना, अश्दोद, लोद अशा गावांत आजीला मराठी येते आणि नातवाला हिब्रू. कोकणात जे पुस्तकातून शिकायचे होते, ते तिकडे आजी नातवाकडून शिकली. मात्र मलिदा कसा कालवायचा ते नातवाला आजीलाच विचारावे लागते.

रास्ता पेठेतल्या त्या गृहस्थांना आम्ही आमच्या वर्गाची रड सांगितली होती. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारले, “तुमच्या वर्गात आई कुठे बसते?” आम्ही म्हणालो, बाहेर. ते पुढे काही बोललेच नाहीत. चहाचे पैसे मात्र त्यांनी दिले.

आल्यावर पहिली गोष्ट केली ती हजेरीपटाची. नावाशेजारी नवा रकाना आखला : ‘सोबत कोण’. आई, बाप, आजी, कोणीही चालेल, पण बाहेर नाही, सतरंजीवर. पहिल्या रविवारी चार मोठी माणसे आली. त्यांतला एक बाप रात्रपाळी करून आलेला, तो भिंतीला टेकून घोरू लागला. मुलांना हसू आवरेना. आम्ही म्हटले घोरू द्या, रकान्यात त्याचे नाव लिहा. तिसऱ्या रविवारी त्याने जागेपणी विचारले की पाच शिले आहेत ती ठीक, पण ठेकेदार खोटी हजेरी लावायला सांगतो तेव्हा चौथे शील कसे पाळायचे? त्यावर तासभर चर्चा झाली आणि आम्ही ठरवलेला पाठ तसाच राहिला.

ती सात वर्षांची मुलगीही आली. आई आधी दारातच घुटमळली, मग पदर सावरून मुलीच्या मागे बसली. वंदना झाली. आम्ही वही मिटणार, तेवढ्यात ती हळूच म्हणाली, “भाऊसाहेब, ते वेरमणी कळलं. पण शेवटी समादियामि म्हणतो, ते काय असतं?”

आम्ही तोंड उघडायच्या आत मुलगी मागे वळली. “अगं आई, म्हणजे मी स्वतः घेते. कोणी दिलेलं नाही, मी घेते.”

रकान्यात आम्ही लिहिले : सोबत, आई.